स्वतःचा टाका

माझा स्वभाव चांगला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडात बोट घालायला नको. कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मी तेव्हा काही म्हणत नाही, पण तो बूट कसला होता आणि त्याची नाडी कशी बांधली होती हे दहा वर्षांनीही सांगू शकते. आई म्हणते, हा दोष वडिलांकडून आला. वडिलांकडून मला दुसरं काहीच मिळालं नाही, तेव्हा एवढा दोष मी जपून ठेवला आहे.

एका टीव्ही मालिकेच्या कपडेपटात मी सात सीझन शिवणकाम केलं. मालिका गुप्तहेराची, पण हा गुप्तहेर चक्रम. पूर्वी शिंपी होता, म्हणून गळ्यात कायम मोजायची टेप, आणि नाव पडलं टेपमामा. संशयिताला प्रश्न विचारण्याआधी तो त्याच्या खांद्याचं माप घ्यायचा, कारण खोटं बोलायच्या आधी माणूस खांदे आवळतो म्हणे. घरी शिंप्यांकडे असतो तसला बिनडोक्याचा पुतळा होता. त्याला तो 'बाईसाहेब' म्हणायचा आणि प्रत्येक खुनावर त्याचा सल्ला घ्यायचा. भागाच्या शेवटी एखादं कापड उलटं करून तो आतली शिलाई वाचायचा आणि खुनी सांगायचा. "दोरा खोटं बोलत नाही," हे त्याचं वाक्य इतकं गाजलं की लोकांनी ते चहाच्या मगांवर छापून घेतलं. ते वाक्य माझ्या आईचं होतं.

आई साठ वर्षं कपडे शिवत आली. डावखुरी. दातांनी दोरा तोडायचा तो डाव्या सुळ्याने, आणि कात्री चालवण्याआधी तिचं पातं गालाला लावून बघायचं, ही तिची सवय. का विचारलं तर म्हणते, गार लागली तर ती तयार आहे. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारावर तिची पाटी होती, 'कपडे दुरुस्त करून मिळतील'. वयाने तिला जवळचं दिसेनासं झालं, लांबचं मात्र घारीसारखं दिसतं. त्यामुळे रोज सकाळी कामाला निघण्याआधी मी तिला दहा सुया ओवून सुयांच्या उशीत टोचून ठेवायची. मी परत येईपर्यंत दहाच्या दहा संपलेल्या असायच्या. टाका ती बोटांनी बघायची.

मालिका सुरू होण्याआधी लेखक आमच्या घरी आला. म्हणजे मीच घेऊन आले, माझीच अक्कल. त्याला शिंपी-गुप्तहेर सुचला होता, पण सुईला भोक कुठल्या टोकाला असतं एवढ्यावरच त्याचं ज्ञान संपत होतं. तीन दुपारी तो आईच्या खिडकीत बसून होता. आईने त्याला सगळं दिलं. उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डाव्याचा दुसरीकडे. घाईत असलेला माणूस दोरा लांब घेतो आणि त्याची गुंतवळ होते. रागात शिवलेलं कापड चुरमडतं. आणि एक वाक्य, जे पुढे तिसऱ्या सीझनमध्ये टेपमामाच्या तोंडी आलं: दुसऱ्याचा टाका माणूस विसरेल, पण ज्याने खरंच सुई धरली आहे तो स्वतःचा टाका कधी विसरत नाही.

दुसऱ्या दुपारी त्याला हौस आली. "आई, मला एक तुकडा द्या, मी शिवून बघतो." आईने करड्या कापडाचा वीतभर तुकडा दिला. त्याने तासभर खपून एक कड दुमडून शिवली. गाठ हरवेल म्हणून ती बाहेरच्या बाजूला ठेवली, चांगली वाटाण्याएवढी. दोरा ओढून ओढून कापडाला सुरकुत्या पाडल्या. आणि शिलाई सुटेल या भीतीने दर तिसरा टाका दोनदा घातला. आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तोही हसला. म्हणाला, माझी आजी शाळेत मुख्याध्यापिका होती, तिला बटणसुद्धा लावता यायचं नाही, तेव्हा मला कुठून येणार?

तिसऱ्या दुपारी आई बोलता बोलता वडिलांवर आली. ही गोष्ट तिने मलाही एकदाच सांगितलेली. वडिलांच्या कोटाचं अस्तर खालच्या कडेला फुगलेलं तिच्या हाताला लागलं. तिने ते उसवलं. आत एक पत्र होतं, दुसऱ्या घरचं. तिने ते वाचलं, होतं तसं घडी करून परत ठेवलं आणि अस्तर पुन्हा शिवलं. असं शिवलं, की हात लागला होता हे वडिलांना कधीच कळलं नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी तोच कोट घालून ते गेले ते गेलेच. "माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शिलाई," आई म्हणाली, "आणि ती कुणाला दिसू नये म्हणूनच केलेली." लेखकाने वही मिटली आणि आईच्या पाया पडला. जाताना दारात म्हणाला, "आई, मालिकेच्या श्रेयाच्या पाट्यांत तुमचं नाव पहिलं येईल."

पहिला सीझन लागला. प्रत्येक भाग संपला की आई टीव्हीसमोरून हलायची नाही. शेवटच्या पाट्या सरकायच्या आणि ती मान वर करून एकेक नाव वाचायची. गाडी चालवणाऱ्यांची नावं आली, चहा देणाऱ्याचं आलं, पाचव्या भागात भुंकलेल्या कुत्र्याचंही आलं. आईचं आलं नाही. "पुढच्या वेळी घालतील," ती म्हणायची. मी लेखकाला आठवण करायची, तो म्हणायचा, "ताई, नक्की." सात सीझन हे चाललं. दरम्यान त्याने तो करडा तुकडा फ्रेम करून आपल्या ऑफिसच्या भिंतीवर लावला होता आणि येईल त्या पत्रकाराला सांगत होता की हा माझा पहिला टाका, माझ्या आजीने शिकवलेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण मी मूग गिळून बसले, कारण काम मला आवडत होतं. पडद्यावर टेपमामाचे म्हणून जे हात दिसायचे ते माझे. टेपमामा करणाऱ्या नटाची बोटं केळ्यासारखी, सुई त्यात मावायची नाही. मग मेकअपवाला माझ्या मनगटावर केस चिकटवायचा आणि मी शिवायची. हे केस काढताना जे दुखतं त्याचं श्रेयही पाट्यांत नसतं.

मग शेवटचा सीझन आला.

चित्रीकरण आणि प्रसारण पाठोपाठ चालायचं, शेवटचे भाग आम्ही करत असताना पहिले लागत होते. पटकथा एकदम कुणाच्या हातात देत नसत. त्यामुळे मलाही बाकीच्यांसारखंच टीव्हीवर कळलं. या सीझनमध्ये एक म्हातारी शिंपीण होती. डावखुरी. दोरा डाव्या सुळ्याने तोडणारी, कात्री गालाला लावून बघणारी. तिचा नवरा चाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. पाचव्या भागात त्याचा कोट सापडतो, आणि त्याच्या अस्तरात पत्र. तिने नवऱ्याला मारलं की नाही, हा शेवटच्या भागापर्यंत ताणलेला प्रश्न.

आई टीव्हीसमोर बसली होती. कोटाचं अस्तर आलं तेव्हा तिने हातातली सुई उशीत टोचली. भाग संपल्यावर त्या दिवशी तिने पाट्या वाचल्या नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाली, "मी त्याला ते का सांगितलं गं?"

त्याला घरात मी आणलं होतं.

इमारतीला कळायला वेळ कसला लागतो. आईची कात्रीची सवय शेंबड्या पोरालाही ठाऊक. खालचा दुकानदार जिन्यात म्हणाला, "आजी, आजोबा नक्की कुठे गेले म्हणालात?" आणि स्वतःच खो खो हसला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी अर्धे शिवलेले पडदे परत नेले, अगदी गोड बोलून, पाहुणे येणार आहेत म्हणून. दोघीतिघी तर नुसत्या बघायला आल्या. आईला हे सगळं झेपलं असतं, पण एक दिवस शेजारच्या काकूंनी, ज्यांच्या पोरींचे फ्रॉक आईने शिवले, अगदी हळू आवाजात विचारलं, "त्यात काही खरं नाही ना हो?" दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी काढलेली होती. "आता डोळे साथ देत नाहीत," आई म्हणाली. मी रोज सकाळी सुया ओवतच होते. संध्याकाळी येऊन बघायची तर दहाच्या दहा तशाच, दोऱ्यासकट. चौथ्या दिवशी मी ओवणं बंद केलं. त्या उशीकडे मला बघवेना. दुःखाने नाही, रागाने.

मी लेखकाच्या ऑफिसात गेले. तो त्या फ्रेमखालीच बसला होता.

"सर, आईचं एवढं सगळं नका घेऊ. अजून शेवटचा भाग व्हायचाय. निदान खून तरी तिच्या माथी मारू नका."

"ताई, बसा. चहा घेणार? हे बघा, लेखकाला सगळं आयुष्यच कच्चा माल असतं. आणि आईंना उलट आनंद व्हायला हवा. शेवटचा सीझन त्यांच्याभोवती फिरतोय."

"मग नाव घाला त्यांचं पाट्यांत."

त्याने खुर्चीला पाठ टेकवली आणि माझी दया येत असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "आता नाव घातलं तर लोक म्हणतील खुनी त्याच. त्यांच्या भल्यासाठीच सांगतोय. तुम्ही जरा त्यांच्या बाजूने विचार करा."

मी त्याचा चहा प्यायले. कप खाली ठेवताना नजर फ्रेमवर गेली. बाहेरची गाठ, सुरकुत्या, आणि एक, दोन, तिसरा दुहेरी. एक, दोन, तिसरा दुहेरी. सात वर्षांत या खोलीत मी पन्नास वेळा आले असेन, पण ती शिलाई त्या दिवशी मी पाठ केली. आता याला केसाने गळा कापणं म्हणजे काय ते कळेल, असं मी मनात म्हटलं आणि नमस्कार करून निघाले.

शेवटच्या भागात टेपमामा भर कोर्टात तो कोट उलटा करतो. अस्तराची कड भिंगाखाली धरतो, टाका वाचतो आणि म्हातारीकडे बोट दाखवतो. पटकथेत ओळ होती: 'क्लोजअप. अस्तराची शिलाई. डावखुऱ्या हाताचा, अतिशय सफाईदार टाका.' असे क्लोजअप आमच्याकडे सगळ्यात शेवटी, मोठा लवाजमा निघून गेल्यावर घेत. कॅमेरामन, एक लाइटवाला, मी आणि ती वस्तू. या खेपेला दिग्दर्शक तोपर्यंत निरोपसमारंभाच्या भाषणांना गेलेला असणार होता. वस्तू बरोबर आहे अशी एका कागदावर लेखकाची सही घ्यायची, की झालं.

क्लोजअपच्या आदल्या दिवशी दुपारी कपडेपटाचं दार लावून मी तो कोट मांडीवर घेतला. उजव्या हाताने, उजवीकडून डावीकडे. गाठ बाहेर. दोरा कापड रडेपर्यंत ओढायचा. दर तिसरा टाका दोनदा. वाईट शिवणं सोपं असेल असं वाटतं ना? दोनदा उसवावं लागलं. हात आपोआप नीट चालायला लागायचा, त्याला लाज वाटायची. तिसऱ्या खेपेला जमलं. लेखकाचा तो करडा तुकडा जणू कोटाच्या आत येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी लेखक सही करायला आला, गळ्यात निरोपाचा हार, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. मी त्याला संधी दिली. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण माझा स्वभाव वाईट असला तरी मी अन्याय करत नाही. मी अस्तर दिव्याखाली धरलं आणि म्हटलं, "सर, नीट बघून घ्या. हा टाका पडद्यावर दाराएवढा दिसणार आहे."

त्याने चष्मा लावला. वाकला. बोट फिरवलं, अगदी त्या वाटाण्याएवढ्या गाठीवरूनसुद्धा. "वा. आईंचा हात हुबेहूब उचललात."

"बदलायचा असेल तर आत्ता सांगा."

"काडीचाही बदल नको," म्हणून त्याने सही ठोकली.

कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. सात वर्षं टाकेच टिपत आलेला माणूस, डावं-उजवं त्याला झोपेतही कळायचं. लेखक गेल्यावर तो हळूच म्हणाला, "लेन्स अजून जवळ घेऊ का, ताई?"

"घ्या," मी म्हटलं.

शेवटचा भाग लागला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. पाचव्या भागानंतर तिने मालिका बघितलीच नव्हती. टेपमामाने कोट उलटा केला, पडदाभर टाका आला, आणि आवाज आला, "हा डावखुऱ्या हाताचा टाका आहे. दोरा खोटं बोलत नाही." मी मागे बघितलं तर आई दारात उभी होती, हातात ओला कपडा.

"परत दाखव."

मी मागे नेऊन दाखवलं. तिने तिथूनच बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. "हं," म्हणाली आणि आत गेली. म्हातारीला जन्मठेप झालेली बघायला ती थांबली नाही.

आता लोकांना सात वर्षं टाके वाचायला आईनेच शिकवलं होतं, तिचं नाव न घेता. सकाळ व्हायच्या आत बोभाटा झाला. टाका तर उजव्या हाताचा आहे. म्हातारी निर्दोष आहे. टेपमामाने सात वर्षांत एकदाही चूक केली नाही आणि शेवटच्या पाच मिनिटांत एका निरपराध बाईला तुरुंगात धाडलं. लोकांनी ते चहाचे मग फोडतानाचे व्हिडिओ टाकले. आमच्या जिन्यात दुकानदार मला म्हणाला, "आजी सुटल्या की हो." मी त्याला म्हटलं, "तुम्ही पकडल्या होत्यात का?"

दुपारी लेखकाचा फोन आला. "ताई, हे काय करून ठेवलंत? टाका उलट्या हाताचा घातलात?"

"सर, तुम्ही चष्मा लावून बघितलात. सही आहे."

त्याने फोन आपटला. मला फार वर्षांनी भूक लागल्यासारखी भूक लागली. पण तो एवढ्यावरच थांबला होता, डावं आणि उजवं. टाका कुणाचा, हे त्याच्या अजूनही ध्यानात आलं नव्हतं. माझा जीव त्यातच अडकला होता. कुणीतरी ओळखेल, आज नाही तर उद्या, असं मी धरून बसले होते.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची मुलाखत लागली, थेट त्याच्या ऑफिसातून. टेबलावर तो कोट, मागे भिंतीवर ती फ्रेम, समोर निवेदिका, खाली प्रेक्षकांसाठी फोन नंबर. ही निवेदिका मालिकेची पक्की भक्त, गळ्यात शोभेची टेप घालून आलेली. मी खुर्ची पुढे ओढली. आता हा घाम पुसणार, माफी मागणार, तंत्रज्ञांवर ढकलणार. तो हसला.

"चूक? छे. हाच तर शेवट आहे," तो म्हणाला. "सात वर्षं लोक टेपमामावर डोळे मिटून विश्वास ठेवत आले. मला त्यांना शेवटी धक्का द्यायचा होता. तुम्ही त्याच्याही पुढे गेलात, तुम्ही स्वतः टाका वाचलात. तो टाका मी जाणूनबुजून तसा घालून घेतला."

निवेदिकेने टाळ्या वाजवल्या. खाली पट्टी धावू लागली: शेवटामागचं रहस्य उलगडलं. आईची विद्या चोरली, तिला स्वतःची आजी करून टाकलं, तिचं दुःख विकलं, आणि आता माझा सूडही खिशात घातला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराचा सत्कार पहिल्यांदाच बघत होते.

"मग खरा खुनी कोण?" निवेदिकेने विचारलं.

"ते गुपित राहू दे. उत्तर टाक्यात आहे."

"आपल्याबरोबर फोनवर एक प्रेक्षक आहेत. बोला."

आतल्या खोलीतून आवाज आला, "नमस्कार." आणि दोन सेकंदांनी तोच आवाज टीव्हीतून आला. मी उठून आत धावले. आई पलंगाच्या कडेला, उघड्या दारातून टीव्ही दिसेल अशी, ताठ बसली होती, फोन डाव्या कानाला. तिने हात वर करून मला दारातच थांबवलं. तिथून मला ती दिसत होती आणि टीव्हीही.

"मी पहिल्या सीझनपासून बघते," आई म्हणाली. "पाट्या संपेपर्यंत बघते."

"असेच प्रेक्षक हवेत," लेखक म्हणाला. त्याने आवाज ओळखला नव्हता.

"खुनी कोण ते नका सांगू. एवढंच सांगा, हा टाका कसल्या हाताचा आहे?"

"छान प्रश्न, आजी." तो पुढे झुकला. "हा पन्नास वर्षं सुई धरलेला हात आहे. एकेक टाका विचार करून घातलेला. असे हात आता राहिले नाहीत."

"बरं. मग दर तिसरा टाका दुहेरी का?"

त्याने कोटाकडे बघितलं. मला वाटतं, त्याने तो खरा पहिल्यांदा तेव्हाच बघितला. "ती... ती त्या कारागिराची खूण. सही म्हणा."

"आणि बाहेरची गाठ?"

"तीही सहीच."

"मग एक करा. तुमच्या मागे तुमच्या आजीची फ्रेम आहे ना, ती जरा कोटाशेजारी ठेवा."

"त्याची काही गरज नाही," लेखक म्हणाला. पण सात वर्षं टेपमामा बघितलेली बाई ती, निवेदिका केव्हाच उठली होती. तिने फ्रेम खिळ्यावरून काढली आणि कोटाला चिकटवून ठेवली. कॅमेरा जवळ गेला. करडं कापड, काळा कोट. गाठ आणि गाठ. सुरकुती आणि सुरकुती. निवेदिका बोट ठेवून मोठ्याने मोजायला लागली, "एक, दोन, तिसरा दुहेरी. एक, दोन, तिसरा..." आणि तिचा आवाज खाली खाली गेला. "सर, हा तर तुमचाच टाका आहे."

लेखकाने खांदे आवळले.

"तिसऱ्या सीझनमध्ये एक वाक्य आहे," आई म्हणाली, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला शिलाईतली खोट दाखवावी तसं. "दुसऱ्याचा टाका माणूस विसरेल, स्वतःचा विसरत नाही. ज्याने खरंच सुई धरली आहे तो. तुम्ही तो तुकडा माझ्या खिडकीत बसून शिवलात, माझ्या कापडावर, माझ्या दोऱ्याने. मी हसले होते. तुम्ही म्हणालात, माझ्या आजीला बटणसुद्धा लावता येत नाही. आणि अजून एक, सगळ्यांसाठी सांगते. खून झालाच नव्हता. अस्तर शिवलं, कोट खुंटीला लावला, माणूस तो घालून आपल्या पायांनी चालत गेला."

निवेदिकेच्या गळ्यातली टेप सुटून टेबलावर पडली होती. तिने ती उचललीसुद्धा नाही. "आजी, आपलं नाव काय?"

"नाव? सात सीझन पाट्यांत शोधत होते. तुमच्या शेजारीच बसलेत, त्यांना विचारा. तीन दुपारी माझ्याकडे होते, पाया पडून गेलेत."

निवेदिका लेखकाकडे वळली. कॅमेराही वळला. त्याने तोंड उघडलं. एकदा छताकडे बघितलं, एकदा फ्रेमकडे, जणू तिथे कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. त्याला आठवत नव्हतं.

आईने फोन ठेवला. बाहेर टीव्हीतून निवेदिका विचारत राहिली, "सर, नाव? सर?" आणि जिन्यात कुणाच्या तरी घरातून तोच प्रश्न येत होता, आणि वरच्या मजल्यावरूनही. म्हणजे सगळी इमारत बघत होती.

मी पलंगावर तिच्या शेजारी बसले. "तू ओळखलं होतंस?"

"मी नाही ओळखणार?" ती म्हणाली. "पण गाठ थोडी सफाईदार झाली तुझी. त्याची याहून गबाळी होती." तिने माझा हात हातात घेतला, बोटाला सुई टोचल्याची खूण चाचपली आणि सोडून दिला. मग कपाटावरचा शिवणाचा डबा काढायला सांगितला. मी काढला. तिने कात्री उचलून गालाला लावली.

"त्या टीव्हीचा आवाज कमी कर," आई म्हणाली, "आणि दहा सुया ओवून दे."